झाडांआधी पाणी मोजा

पावसाळा तोंडावर आला की नदीकाठी दोन कामे हमखास निघतात. एक झाडे लावण्याचे, दुसरे काठ बांधून काढण्याचे. नीरेकाठच्या शिरवळपासून कृष्णाकाठच्या सांगलीपर्यंत हाच क्रम आहे. या दोन्हींच्या आधी करायचे काम मात्र कोणाच्याच यादीत नसते. दरवर्षी पुराखाली जाणारी, पाणी ओसरल्यावरही बरेच दिवस ओल धरून राहणारी झाडी कुठे उरली आहे आणि तिला तिचे पाणी मिळते का, हे पाहण्याचे ते काम. त्याची सुरुवात शिरवळला व्हावी, असे आमचे मत आहे.

ही झाडी म्हणजे डोंगरावरचे रान नव्हे. वाळुंज, करंज, उंबर, जांभूळ, अर्जुन ही तिची माणसे. पात्रातल्या खडकांत शेरणी आणि लव्हाळे. मुळाशी पाणी साचले तरी ती तग धरतात. पुराचा वेग तिथे मोडतो, गाळ खाली बसतो, काठ धसत नाही. पावसाळ्यात मासे अंडी घालायला याच उथळ, सावलीच्या पाण्यात शिरतात. भिलवडी, औदुंबर परिसरातली मगर अंडी घालते ती काठाच्या मातीत; ऊस थेट पाण्यापर्यंत आला की तिने जायचे कुठे? मळीची माती वीटभट्टीला गेली, वाळू उपशात गेली, उरलेल्या पट्ट्यावर उसाची सरी पडली. ओढे नदीला मिळतात त्या तोंडांशी काही तुकडे अजून तग धरून आहेत. ते वाचवायचे, तर आधी मोजायला हवेत.

मोजायचे म्हणजे झाडे मोजून थांबायचे नाही. वर्षातले किती दिवस त्या जागेवर पाणी असते, ते नदीतून येते की ओढ्यातून की जमिनीखालून, ही पहिली नोंद. मग हातभर खड्डा घेऊन माती पाहायची. बराच काळ पाण्याखाली राहिलेली माती करडी पडते, तिच्यात गंजाच्या रंगाचे ठिपके दिसतात. कोणत्याही कागदापेक्षा ती खरे बोलते. त्यानंतर झाडोरा: जुनी झाडे कोणती, त्यांच्याखाली त्यांचीच रोपे उगवतात की सुबाभूळ आणि घाणेरी? म्हातारी करंजे उभी आहेत पण खाली एकही पोर नाही, अशी राई हिरवी दिसली तरी ती संपत आलेली असते.

शिरवळला हा हिशेब अधिक गुंतागुंतीचा आहे, म्हणूनच तो इथे मांडायला हवा. वर भोर तालुक्यात वेळवंडीवर भाटघर, सुमारे साडेतेवीस टीएमसीचे, नीरेवर नीरा-देवघर. खाली १९६५ मध्ये पूर्ण झालेले वीर, त्याचा फुगवटा शिरवळच्या दिशेने पसरलेला. म्हणजे या टप्प्यात नदी कधी चढणार, किती दिवस चढलेली राहणार, हे पावसाइतकेच धरणांचे दरवाजे ठरवतात. फुगवट्याचे पाणी ऐन हिवाळ्यातही काठावर असते आणि आवर्तने सुटली की झपाट्याने उतरते. इथे कोणते झाड जगेल, हे जुन्या आठवणींवरून ठरवता येणार नाही. विसर्गाच्या आणि पाणीपातळीच्या नोंदी घेऊनच बसावे लागेल. त्या जलसंपदा विभागाकडे आहेत.

वृक्षारोपणाचा आपला अनुभव काय सांगतो? २०१६ ते २०१९ या काळात राज्याने ५० कोटी झाडांचे उद्दिष्ट ठेवले आणि चर्चा खड्ड्यांच्या संख्येचीच झाली. अमेरिकेत मिसिसिपीच्या खोऱ्यातही पूरजमिनीवर वने परत आणताना सुरुवातीच्या पुष्कळ लागवडी फसल्या. जागेचे पाणी आणि लावलेले झाड यांचा मेळ नव्हता. पुढे चर बुजवून, बांध फोडून आधी पुराचे पाणी आत घेण्यावर भर आला. आपल्याकडेही ओढ्याचे बुजवलेले तोंड मोकळे केले, चराई दोन-तीन वर्षे थांबवली, तर अनेक ठिकाणी बी नदीच आणून टाकेल.

कायद्याची अडचण खरी आहे. २०१७ च्या पाणथळ जागांच्या नियमांतून नदीपात्र वगळले आहे, सिंचनासाठी बांधलेले जलाशयही वगळले आहेत. म्हणजे शिरवळला एका बाजूने नीरा सुटली आणि दुसऱ्या बाजूने वीरचा फुगवटा सुटला. पाणथळ जागांच्या सीमा प्रत्यक्ष जागेवर जाऊन निश्चित करा, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये सांगितले. पण त्या आदेशात सव्वादोन हेक्टरांहून मोठ्या जागाच धरल्या आहेत. ओढ्याच्या तोंडावरची काही गुंठ्यांची राई त्यात येणार नाही. वाट मात्र आहे. सिंधुदुर्गात दोडामार्ग तालुक्यातल्या बांबर्डे येथील रानजायफळाची पाणथळ राई जेमतेम अडीच हेक्टरांची. २०२१ मध्ये ती जैविक वारसा स्थळ झाली. नीराकाठच्या गावांतही जैवविविधता समित्या स्थापणे कायद्याने बंधनकारक आहे. लोक जैवविविधता नोंदवहीत गट क्रमांकासह या झाडीची नोंद करायला त्यांना कोणी अडवलेले नाही.

अभियंत्यांचा एक आक्षेप आम्ही गंभीरपणे घेतो: पात्रातली झाडी पुराला अडवते आणि पातळी वाढवते. मुख्य प्रवाहात आणि पुलांच्या वर-खाली ते खरेच आहे. तिथे झाडी नको. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली होती, ते सांगली विसरलेली नाही. पण ओढ्यांची तोंडे, सोडलेली जुनी पात्रे आणि बाहेरच्या मळ्या इथे पाणी पसरून थांबणे हाच खालच्या गावांचा बचाव आहे. नेदरलँड्ससारख्या देशाने बांध उंच करण्याचा मार्ग सोडून तीसहून अधिक ठिकाणी नदीला जागा परत दिली. आपल्याकडे तर २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आखलेली आहे आणि तिच्या आत बांधकामाला मनाई आहे. ती जागा या झाडीलाच द्यायला हवी.

शेतकऱ्याच्या खिशातून हे होऊ नये. वाळवा, मिरज भागात क्षारपड होऊन पीक न देणाऱ्या कितीतरी नदीकाठच्या जमिनी पडून आहेत. करंज आणि बाभूळ खारवट मातीतही येतात. अशा जमिनी आधी घ्याव्यात आणि मालकी शेतकऱ्याकडेच ठेवून दरवर्षी एकरी मोबदला द्यावा. जागतिक बँकेच्या साहाय्याने कृष्णा खोऱ्यात पूरनियंत्रणाचा कार्यक्रम आखला गेला आहे. त्यात भिंती आणि बोगद्यांसोबत या मोबदल्यासाठीही तरतूद हवी. शिरवळच्या क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालयाने काठावरच्या चराईचा अभ्यास हाती घेतला, तर जनावरे कुठे आणि किती दिवस थांबवायची, याचे उत्तर गावातच मिळेल.

साताऱ्याच्या आणि पुण्याच्या जिल्हाधिकाऱ्यांनी शिरवळच्या पुलापासून वीरच्या फुगवट्यापर्यंत दोन्ही काठांची पहिली मोजणी येत्या पावसाळ्यात, पाणी चढलेले असतानाच, करून घ्यावी. तिचा अहवाल ग्रामसभांपुढे येईपर्यंत निळ्या रेषेच्या आत जेसीबी लावण्याची परवानगी कोणत्याही विभागाला देऊ नये.