गोठतं ते सगळंच वाईट?

गेल्या जूनमध्ये भिलाईला मावशीकडे चार दिवस राहून आले. मावशी मूळची वेंगुर्ल्याची. काका पोलाद कारखान्यात नोकरीला होते. निवृत्त झाल्यावर दोघांनी नेहरू नगरमध्येच घर बांधलं. आता मावशीच्या फळीवर चकलीच्या डब्याशेजारी ठेठरी-खुरमीचा डबा असतो, आणि दोन्ही तिला सारख्याच छान जमतात.

दोन वर्षांपूर्वी काकांना हृदयविकाराचा झटका आला. तेव्हापासून सूनबाईंनी स्वयंपाकघरात एक नियम लावला: जे गोठतं ते काकांच्या पानात नाही. तूप बंद, खोबरेल बंद. गावाहून येणारा कोकमतेलाचा गोळाही स्वयंपाकघरातून हद्दपार झाला. थंडीत टाचांच्या भेगांना लावण्यापुरता तो मावशीच्या कपाटात उरला.

मी असतानाच लंडनहून भाचा आला. येताना त्यानं चॉकलेटं आणली. काकांनी सवयीप्रमाणे भिंग घेऊन वेष्टन वाचलं आणि थबकले. वनस्पतिजन्य चरबीपुढे कंसात लिहिलं होतं: पाम, साल, आंब्याची कोय, कोकम!

"म्हणजे मी टाचांना लावते ते हे लोक खातात?" मावशीनं विचारलं. सूनबाईंचा प्रश्न मात्र वेगळा होता: "आई, मग हे बाबांना चालेल की नाही?"

प्रश्न मोलाचा आहे. त्याचं उत्तर चरबीच्या रचनेत आहे.

तेल, तूप, कोकमतेल, सगळ्यांची घडण एकच. ग्लिसरीनच्या कण्याला स्निग्धाम्लांच्या तीन साखळ्या जोडलेल्या असतात. काही साखळ्या सरळ, काही मध्येच वाकलेल्या. भिलाईकरांना हे पटकन समजेल. कारखान्यातले सरळ रूळ एकावर एक घट्ट रचता येतात. वाकलेले गज तसे रचता येत नाहीत. सरळ साखळ्या जास्त असल्या की चरबी गोठते, वाकलेल्या जास्त असल्या की पातळ राहते.

साल आणि कोकम यांच्या चरबीत बहुतांश ठिकाणी दोन टोकांना सरळ स्टिअरिक आम्ल आणि मध्ये वाकलेलं ओलेइक आम्ल असतं. कोकोच्या चरबीचीही ठेवण जवळपास अशीच आहे, म्हणून तर चॉकलेट हातात घट्ट राहतं आणि तोंडात विरघळतं. युरोपीय संघानं २००० साली चॉकलेटमध्ये कोकोशिवाय सहा वनस्पतींची चरबी ५ टक्क्यांपर्यंत वापरायला परवानगी दिली. त्यांत साल, कोकम आणि आंब्याची कोय आहे. सालाला छत्तीसगडमध्ये सरई म्हणतात. त्याची पंखवाली फळं मे-जूनमध्ये गळतात. बस्तरच्या जंगलातल्या आदिवासी बायाबापड्या ती पाऊस पडायच्या आत वेचतात, वाळवतात आणि बी मोकळं करतात. साहेबाच्या चॉकलेटमागे हे कष्ट आहेत.

आता काकांच्या पानाकडे वळू. गोठणाऱ्या सगळ्या चरबी शरीरात सारख्या वागत नाहीत. तुपातलं आणि पामतेलातलं पामिटिक आम्ल, खोबरेलातलं लॉरिक आम्ल रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल वाढवतं. स्टिअरिक आम्ल तितकं वाढवत नाही. शरीर त्यातल्या काही भागाचं ओलेइक आम्ल करून टाकतं. म्हणजे सूनबाईंचा नियम अगदीच चुकीचा नव्हता, पण अपुरा होता.

खरा गुन्हेगार वेगळाच. जर्मन रसायनशास्त्रज्ञ विल्हेल्म नोर्मान यांनी १९०२ साली पातळ तेलात हायड्रोजन घालून ते घट्ट करण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. त्यातूनच वनस्पती तूप आलं. आपल्याकडे १९३७ पासून 'डालडा' मिळू लागला आणि साजूक तूप न परवडणाऱ्या घरांतही लाडू वळले गेले. पण ही क्रिया अर्धवट झाली की वाकलेल्या काही साखळ्या वाकडेपण सोडून सरळ होतात. हीच ट्रान्स चरबी. १९९० साली हॉलंडच्या मेन्सिंक आणि काटान यांनी दाखवून दिलं की ती वाईट कोलेस्टेरॉल वाढवते आणि चांगलं कमीही करते. दुहेरी मार! भारतात १ जानेवारी २०२२ पासून खाद्यतेल आणि चरबीत ट्रान्सचं प्रमाण २ टक्क्यांपेक्षा जास्त असू नये, असा नियम आहे.

मग आता निर्धास्त? नाही. तेच तेल पुन्हापुन्हा तापवलं की ते बिघडतं. त्यात नको ती संयुगं साठत जातात. २०१८ पासून नियम असा की अशी संयुगं २५ टक्क्यांवर गेली की ते तेल स्वयंपाकात वापरायचं नाही. हॉटेलवाल्यांकडचं असं तेल गोळा करून त्याचं बायोडिझेल करण्याची योजनाही त्याच वर्षी सुरू झाली. घरात मोजायचं यंत्र नसतं. पण तेल काळपट झालं, चिकट झालं, त्याला फेस किंवा खवट वास येऊ लागला, की ते टाकून द्यायचं.

मी मावशीच्या ओट्याखाली डोकावले. तिथे तळणाच्या उरलेल्या तेलाची किटली होती. ठेठरीचं तेल चकलीला, चकलीचं पापडाला! वर काका रोज संध्याकाळी चौकातून गरम समोसा आणत होते. "तूप तर नाही ना त्यात?" हा त्यांचा बचाव.

शेवटी सूनबाईंनी हिशेब मांडला. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शनाप्रमाणे रोज २,००० कॅलरींच्या आहारात तेल-तूप मिळून माणशी सुमारे २७ ग्रॅम पुरे. चार माणसांना महिन्याला साधारण साडेतीन लिटर. मावशीकडे पाच लिटरचा डबा महिनाअखेरीआधीच संपत होता! एक ग्रॅम चरबी म्हणजे ९ कॅलरी. मग ती गोठणारी असो वा पातळ.

काकांचं पथ्य डॉक्टर ठरवतील तसंच चालू आहे, आणि ते तसंच असावं. चॉकलेटही त्यांना मिळालं नाही. साखर काही कमी नव्हती त्यात. कोकमतेल टाचांनाच राहिलं. पण किटली रिकामी झाली, समोसा पंधरवड्यावर गेला आणि नियमाचे शब्द बदलले. आता सूनबाई विचारतात ते एवढंच: तेल कोणतं, किती आणि कितव्यांदा तापवलेलं?