माळ्यावरचा आखाडा

गेल्या दिवाळीच्या सुटींत आमच्या येथें माळा झाडण्याचें काम निघालें आणि तांब्यापितळेच्या भांड्यांमागून एक काळी पेटी खालीं आली. आमच्या धाकट्या चिरंजीवांनीं कॉलेजांत असतांना घेतलेलें तें प्लेस्टेशन २ नांवाचें व्हिडिओ गेमचें यंत्र होतें. जपानांतील सोनी कंपनीनें हें यंत्र २००० सालच्या मार्च महिन्यांत प्रथम विक्रीस काढलें. जगभर त्याचा खप पंधरा कोटींहून अधिक झाला. आणि २०१३ सालीं त्याचें उत्पादन थांबलें. म्हणजे यंत्रांच्या हिशेबानें तेंही आमच्याप्रमाणेंच सेवानिवृत्त. परंतु तारा जोडतांच त्याचा दिवा लागला, आणि आमच्या घरांतील शांततेचा मात्र मालवला.

यंत्राबरोबर तबकडी एकच होती : 'टेकन ५'. हा द्वंद्वाचा खेळ. पडद्यावर दोन मल्ल समोरासमोर उभे राहतात, वरच्या बाजूस प्रत्येकाच्या बळाची एक पट्टी असते, आणि ज्याची पट्टी आधीं संपेल तो हरला. आमचा थोरला नातू पंधरा वर्षांचा, त्याचा चुलतभाऊ दहाचा. एका दुपारीं थोरल्यानें धाकट्यास ओळीनें सतरा वेळां हरविलें, व अठराव्या खेपेस धाकट्यानें हातांतील कंट्रोलर भिंतीवर मारला. एवढ्यावर थांबतें तर ती पोरांची गोष्ट होती. परंतु थोरल्याच्या आईनें धाकट्यास एक शब्द सुनावला, धाकट्याच्या आईनें त्यास दोन शब्दांनीं उत्तर दिलें, आणि पुढचे दोन दिवस आमच्या स्वयंपाकघरांत दोघी जावा भांड्यांच्या आवाजांतूनच काय तें बोलत होत्या. एकत्र कुटुंबांत राहणाऱ्या वाचकांस याहून अधिक सांगणें नको.

वडीलकीचा जो सोपा मार्ग असतो तोच आम्हीं धरला. यंत्र गुंडाळून पुन्हां माळ्यावर ठेवविलें. रात्रीं धाकटा आमच्या खाटेशीं येऊन बसला. यंत्र परत मागेल असें आम्हांस वाटलें; तें त्यानें मागितलें नाहीं. तो इतकेंच म्हणाला, "आजोबा, हरल्याचं मला कांहीं नाहीं. पण मी कशानं हरतो, तेंच मला कळत नाहीं."

आमचें आयुष्य शाळेंत संस्कृत शिकविण्यांत गेलें. चुकलेल्या रूपावर तांबडी रेघ मारून पुढें जाणारा मास्तर आणि तें रूप कां चुकलें हें सांगणारा मास्तर, यांतील अंतर आम्हांस चांगलें ठाऊक आहे. त्या यंत्रानें आमच्या नातवास सतरा तांबड्या रेघा मारल्या होत्या, आणि आम्हीं त्याची पाटीच काढून घेतली होती. दुसऱ्या दिवशीं यंत्र आम्हीं होऊन खालीं उतरविलें, आणि नंतरचे दोन महिने, डोळ्यांस चष्मा व शेजारीं नातू घेऊन, या विषयाचा अभ्यास केला. ज्यांच्या माळ्यावर असें यंत्र असेल त्यांच्या उपयोगास यावें म्हणून त्याचें फलित येथें देत आहों.

प्रथम कसोटी कोणती तें ठरविलें पाहिजे. दुकानदार चित्रांची शोभा दाखवितो, मुलें मल्लांची संख्या मोजतात, आणि आयाबहिणी रक्त दिसतें कीं नाहीं तें पाहतात. तिन्ही गोष्टी पाहाव्या. परंतु आमच्या मतें खरी कसोटी चौथीच आहे. हरणाऱ्यास आपण कां हरलों हें ज्या खेळांत कळतें, तो खेळ घरांत आणावा. जेथें तें कळत नाहीं तेथें लहानगा दोनच गोष्टी शिकतो : चिडणें किंवा खेळ सोडून देणें.

या कसोटीस सर्वांत चांगला उतरलेला खेळ म्हणजे सेगा कंपनीचा 'व्हर्चुआ फायटर ४ : इव्होल्यूशन'. २००३ सालीं तो या यंत्रावर आला. यांत बटणें तीनच : ठोसा, लाथ आणि बचाव. त्यांचा परस्परसंबंध तर्कशास्त्राच्या धड्यासारखा स्वच्छ आहे. प्रहार आला असतां बचाव करणारा वांचतो. नुसता बचाव करीत राहणाऱ्यास प्रतिपक्षी पकडून आपटतो. आणि पकडावयास आलेल्यास प्रहारानें रोखतां येतें. तिघांपैकीं कोणीही सर्वश्रेष्ठ नाहीं. त्यावर आणखी एक पायरी अशी, कीं उभ्यानें बचाव केल्यास पायांवरचा घाव लागतो, आणि बसून बचाव केल्यास मध्यम उंचीचा लागतो. मूळ विद्या एवढीच. बाकी सर्व तिचा विस्तार.

शिवाय या तबकडींत शिकवणीचा जो भाग आहे, तसा दुसऱ्या खेळांत आम्हांस आढळला नाहीं. एकेक डाव सांगून तो करवून घेतला जातो. पुढें एकट्यानें खेळावयाचे सामने आहेत. त्यांतील यंत्रचालित प्रतिस्पर्धी जपानांतील खऱ्याखुऱ्या खेळाडूंच्या खेळण्याच्या रीतींवरून घडविलेले आहेत. विद्यार्थी दहाव्या क्यूपासून, म्हणजे बिगारी यत्तेपासून, आरंभ करतो व जिंकत जिंकत वर चढतो. मल्लांच्या विद्याही खऱ्या जगांतल्या : कोणी जूडोचा, कोणी चीनमधील बाजीक्वानचा, कोणी व्यावसायिक कुस्तीचा. आम्हीं आपल्या वयास शोभेल म्हणून शुन दी नांवाचा एक पांढऱ्या दाढीचा वृद्ध निवडला. दोन दिवसांनीं कळलें कीं हा गृहस्थ लढतां लढतां मद्य पितो, आणि जों जों अधिक पितो तों तों त्यास अधिक डाव सुचतात! सुनांच्या देखत आम्हांस मल्ल बदलावा लागला.

आतां 'टेकन ५' विषयीं. नामको कंपनीचा हा खेळ घरगुती यंत्रावर २००५ सालीं आला. ज्यावरून आमच्या घरीं रामायण घडलें त्यासच दोष देणें सोपें होतें, परंतु तें न्यायाचें झालें नसतें. याची बटणांची योजना मोठी सुबोध आहे : डावा हात, उजवा हात, डावा पाय, उजवा पाय, प्रत्येकास एक बटण. मल्ल तिसांहून अधिक, आणि त्याच तबकडींत या मालिकेचे पहिले तीन खेळही दिलेले आहेत. म्हणजे पैशाच्या दृष्टीनें हा सौदा फायद्याचा. नवख्यानें अंदाधुंद बटणें दाबलीं तरी एखादा डाव बसून जातो, त्यामुळें पाहुण्यांच्या मुलांस हा खेळ पहिल्याच दिवशीं आवडतो. परंतु ज्यास डावांच्या माळा पाठ आहेत त्याच्यापुढें नवखा उभाच राहत नाहीं, आणि कशानें पडलों हेंही त्यास दिसत नाहीं. सारख्यास सारखा भेटला तर 'टेकन' उत्तम. पंधरापुढें दहा बसविल्यास नव्हे.

त्याची कथा मात्र वडीलधाऱ्यांनीं मुलांबरोबर बसून अवश्य पाहावी. मिशिमा नांवाच्या घराण्याच्या चार पिढ्या त्यांत लढतात. हेइहाची हा आपल्या लहानग्या पुत्रास, काझुयास, कड्यावरून लोटतो. पुत्र मोठा होऊन पित्यास तसाच लोटतो. पुढें पिता पुत्रास ज्वालामुखींत टाकतो आणि नातू जिन याच्यावर गोळी झाडतो. आणि पांचव्या खेळांत असें उघडकीस येतें कीं त्यानें आपल्या बापासही, जिनपाचीस, एका मंदिराखालीं कोंडून ठेवलें होतें. एकत्र कुटुंब कसें नसावें याचा हा संपूर्ण पाठ होय. आमच्या सुनांनीं तो ऐकला तेव्हां दोन दिवसांत प्रथमच दोघी एकदम हंसल्या.

'सोल कॅलिबर २' हा २००३ सालीं घरोघर आला. यांत मल्ल शस्त्रें घेऊन लढतात : तलवार, काठी, साखळीचे दांडके. उभा वार बाजूस सरकून चुकवितां येतो. सरकणाऱ्यास आडवा वार गांठतो. आणि रिंगणाबाहेर पडला तो हरला. येथेंही पराजयाचें कारण डोळ्यांस दिसतें, म्हणून कसोटीस तो उतरतो. कांहीं मल्लांचे पोशाख आमच्या घरांत सर्वांनीं एकत्र पाहण्याजोगे वाटले नाहींत, एवढेंच सांगून ठेवतों.

ज्यांच्या घरीं १९९० नंतरच्या दशकांत गेम पार्लरांत पैसे उडविणारे काका आहेत, त्यांनीं 'हायपर स्ट्रीट फायटर २' पाहावा. कॅपकॉम कंपनीचा मूळ 'स्ट्रीट फायटर २' हा १९९१ चा. आज आपण ज्यास द्वंद्वखेळ म्हणतों त्याचा सांचा त्यानेंच पाडला. यांत सहा बटणें आहेत, आणि अंगठ्यानें पाव वर्तुळ फिरवून ठोसा मारल्याखेरीज अग्निगोल सुटत नाहीं, त्यामुळें लहानांस तो जड जातो. आपल्या देशाचा म्हणून त्यांत धालसिम नांवाचा योगी आहे. गळ्यांत कवट्यांची माळ, हातपाय रबरासारखे लांब होतात, आणि तोंडांतून अग्नि निघतो! सिद्धींच्या मोहांत न पडणें हेंच श्रेष्ठ, असें पतंजलींचें सांगणें. तें त्या कारखान्यापर्यंत पोहोंचलेलें दिसत नाहीं. रागावण्याचें कारण नाहीं. पण मुलांनीं विचारल्यास खरा योग कोणता तें सांगण्याची संधि साधावी.

'मॉर्टल कॉम्बॅट' मात्र आम्ही घरांत आणणार नाहीं. १९९२ सालच्या पहिल्या खेळापासून हरलेल्याचा क्रूर वध हेंच त्याचें मुख्य आकर्षण आहे. १९९३ सालीं अमेरिकेच्या सेनेटमध्यें ज्या खेळांवरून चौकशी झाली त्यांत हा प्रमुख होता, आणि त्यानंतर १९९४ सालीं तेथें खेळांवर वयाचे शिक्के मारणारें मंडळ निघालें. त्या मंडळाच्या शिक्क्याप्रमाणें 'टेकन ५', 'व्हर्चुआ फायटर' व 'सोल कॅलिबर २' हे तेरा वर्षें व पुढील मुलांसाठीं आहेत. या यंत्रावरील 'मॉर्टल कॉम्बॅट' सतरा व पुढें. आमचा धाकटा दहाचा, म्हणून तो खेळतो तेव्हां घरांतील एक मोठें माणूस शेजारीं बसतें. परंतु रक्तापेक्षांही आमचा आक्षेप वेगळा आहे : पडलेल्यास शिकवावयाचें सोडून त्याची विटंबना करणें हें जिंकण्याचें बक्षीस ठरविणारा खेळ आमच्या कसोटीच्या अगदीं उलट टोंकास आहे.

आतां यंत्राविषयीं दोन शब्द. 'नाचतां येईना, अंगण वांकडें' ही म्हण आम्हीं धाकट्यास ऐकविली होती. परंतु येथें अंगण खरोखरच कांहींसें वांकडें निघालें. पडद्यावर सेकंदास साठ चित्रें सरकतात. 'टेकन' मधील साधा ठोसा दहाव्या चित्रास लागतो, म्हणजे सेकंदाच्या सहाव्या भागांत. नवे सपाट दूरचित्रवाणी संच जुन्या यंत्राचें चित्र सुधारून दाखवितां दाखवितां थोडा विलंब करतात. तो सहा चित्रांचा झाला तरी ठोसा अर्ध्याहून अधिक वाट चालून आल्यावर आपणांस दिसतो. संचांत 'गेम मोड' असल्यास तो लावावा. जुना कांचेच्या नळीचा संच घरीं असल्यास फारच उत्तम. तबकडींत पन्नास व साठ अशी निवड दिली असल्यास साठ घ्यावी.

तबकड्या आतां जुन्याच मिळतात. आपल्याकडील यंत्रें पाल पद्धतीचीं, म्हणून वेष्टनावर तें अक्षर पाहावें. अमेरिकेची वा जपानची तबकडी मूळ स्थितींतील यंत्र घेत नाहीं. तबकडी उजेडांत तिरपी धरून ओरखडे पाहावे. अस्सल तबकडीची खालची बाजू रुपेरी, किंवा कांहीं खेळांत गडद निळी असते. आम्हांस एका दुकानदारानें सुबक वेष्टनांत जांभळट झांक असलेली नक्कल दिली. ती यंत्रानें क्षणांत नाकारली आणि आमचे पैसे गेले. यंत्रापुढें लावून पाहिल्याशिवाय पैसे मोजूं नयेत.

शेवटीं घरचे नियम. आम्हीं तीन केले. एका बैठकींत दोघांनीं तीनच सामने खेळावे. थोरल्यानें स्वतःस न येणारा मल्ल घ्यावा. आणि जिंकणाऱ्यानें उठण्यापूर्वीं हरणाऱ्यास त्याची एक चूक सांगून ती शिकवणीच्या भागांत करून दाखवावी. तिसरा नियम थोरल्यास पहिल्यानें जाचला. पुढें असें दिसलें कीं चूक सांगतां यावी म्हणून तो भावाचा खेळ लक्ष देऊन पाहूं लागला आहे. धाकटा अद्याप दहांत आठ वेळां हरतो. कंट्रोलर मात्र त्यानें पुन्हां फेंकलेला नाहीं. जावांचें सगळें मिटलें असें आम्ही म्हणत नाहीं. त्या आखाड्याची तबकडी आमच्यापाशीं नाहीं.

परवां धाकट्यानें आम्हांसच सलग तीनदां चीत केलें. नियमाप्रमाणें चूक सांगणें त्याच्याकडे आलें. तो थोडा घुटमळला, मग म्हणाला, "आजोबा, तुम्ही नुसते अडवीत बसतां. जो नुसताच अडवतो, त्याला पकडून पाडतात."

आम्हीं चष्मा पुसला व त्यास तो डाव पुन्हां एकदां सावकाश करून दाखविण्यास सांगितलें.