संतुलित चमूचें थोतांड

कांहीं मतें केवळ वारंवार उच्चारलीं गेल्यामुळें सिद्धांताच्या पदवीला चढतात. डंजन्स अँड ड्रॅगन्स या खेळाच्या चाहत्यांत रूढ असलेलें संतुलित चमूचें मत हें त्यांपैकींच एक होय. पुढें उभा राहून घाव झेलणारा योद्धा, जखमा बऱ्या करणारा धर्मोपदेशक, कुलपें उघडणारा चोर आणि दुरून मंत्र टाकणारा जादूगार हे चौघे चमूंत असलेच पाहिजेत. एक जरी उणा पडला तरी सर्वांचा नाश ठरलेला, असें हें मत सांगतें. आमच्या समजुतीप्रमाणें तें चुकीचें तर आहेच, पण ज्या खेळाच्या हितासाठीं तें सांगितलें जातें त्या खेळाचाच त्यानें घात होतो.

ज्यांना हा खेळ अपरिचित असेल त्यांच्यासाठीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. चार-पांच माणसें एका मेजाभोंवतीं बसतात. त्यांपैकीं एक सूत्रधार होतो. तो प्रसंग उभे करतो आणि राजांची व राक्षसांची बाजू बोलतो. बाकीचे एकेक पात्र घेऊन आपण काय करतों तें सांगतात, आणि फल अनिश्चित असेल तेथें फांसे टाकून निर्णय होतो.

गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ १९७४ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झाला, तेव्हां त्यांत पात्रांचे वर्ग तीनच होते: योद्धा, जादूगार आणि धर्मोपदेशक. चोर आला तो १९७५ सालच्या ‘ग्रेहॉक’ या पुरवणींतून. मग तोंवर सापळे कोण शोधीत होतें? काठीनें फरशी ठोकून पाहण्याचें ज्याला सुचेल तो! जें काम सर्वांच्या बुद्धीचें होतें तें एका वर्गाची मिरास झालें, आणि मग तो वर्ग नसेल तर काम अडतें अशी ओरड सुरू झाली. २००८ च्या चौथ्या आवृत्तीनें तर संरक्षक, प्रहारक, नायक आणि नियंत्रक अशा चार भूमिका ग्रंथांतच छापून प्रत्येक वर्गाच्या कपाळीं एकेक चिकटविली. २०१४ च्या पांचव्या आवृत्तीनें त्या पाट्या उतरविल्या. खेळाडूंच्या मनांतून मात्र त्या उतरल्या नाहींत.

संतुलनवाद्यांचा सर्वांत बळकट दृष्टांत क्रिकेटचा असतो. अकराहि गोलंदाज घेऊन कोणी सामना जिंकतो काय, असें ते विचारतात. दृष्टांत आकर्षक खरा, पण गैरलागू. क्रिकेटमध्यें प्रतिपक्ष आपल्या सोयीसाठीं बदलत नाहीं. येथें संकटें योजणारा सूत्रधार त्याच मेजाशीं बसलेला असतो, आणि समोर कोण आहेत हें त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक असतें. चौघेहि चोर असतील तर त्यानें खिंडींतील लढाईऐवजीं सावकाराची तिजोरी समोर ठेवावी. छापील साहसें खेळणाऱ्यांना ही सोय नाहीं, असा आक्षेप येईल. परंतु छापील पानावरील राक्षसांची संख्या कमी करणें, किंवा एकादा भाडोत्री सैनिक बरोबर देणें, यास कितीसें पांडित्य लागतें? भाडोत्री माणसें ठेवण्याची तरतूद तर १९७४ च्या नियमांतच होती.

त्याच नियमांप्रमाणें पहिल्या पायरीच्या जादूगाराला दिवसाला एकच मंत्र टाकतां येई. म्हणून चार जादूगारांचा चमू म्हटला कीं लोक हसतात. पण चौघांनींहि निद्रामंत्र घेतला तर? त्या एका मंत्रानें हलक्या प्रतीच्या शत्रूंचें टोळकेंच्या टोळकें झोंपीं जाई, आणि बचावाचा फांसाहि त्यांना मिळत नसे. असा चमू चार वेळां जिंकेल आणि पांचव्या वेळीं पळून जाईल. केव्हां पळावें हें ज्यांना कळतें त्यांना असंतुलित कोणीं म्हणावें?

या मताचा खरा जाच होतो तो माणसाला. आमच्या पाहण्यांत असें अनेकदां आलें आहे कीं, आधीं आलेले तिघे आवडीचीं पात्रें घेऊन बसतात, आणि शेवटीं आलेल्याला ‘बरें करणारा कोणी नाहीं, तूं तें घे’ असें सांगण्यांत येतें. तो बिचारा आठवडाभर एक तलवारबहाद्दर मनांत घोळवीत आलेला असतो. तीन तास तो दुसऱ्यांच्या जखमांचा हिशेब ठेवतो, आणि पुढच्या रविवारीं येत नाहीं. ज्या गरजेपायीं हा बळी दिला ती तरी खरी आहे काय? १९७४ च्या नियमांत पहिल्या पायरीच्या धर्मोपदेशकाला एकहि मंत्र येत नसे! २०१४ च्या आवृत्तींत तर एका तासाच्या विश्रांतींत प्रत्येक पात्राला स्वतःचे फांसे टाकून आपली हानि भरून काढतां येते. जखमा भरणारें औषध ५० सुवर्णमुद्रांस मिळतें. आणि बरें करण्याचे मंत्र भाटाला, ड्रुइडला व पॅलाडिनलाहि येतात.

पात्रांत विविधता नको, असें आमचें म्हणणें नाहीं. ती आवडींतून यावी, कोष्टकांतून येऊं नये. संतुलन पाहावयाचेंच असेल तर तें मेजाभोंवतीं पाहावें. प्रत्येकाला बोलण्यास सारखा अवसर मिळतो काय? सबंध संध्याकाळ एकाद्या पात्राला करण्यासारखें कांहींच उरत नाहीं, असें होतें काय? राजाला वांचवावयाचें कीं त्याचा खजिना लुटावयाचा, याविषयीं सर्वांचें एकमत आहे काय? या शेवटच्या प्रश्नावर शास्त्रोक्त चौघांचा चमूहि पहिल्याच दारापाशीं मोडूं शकतो, आणि तेथें धर्मोपदेशकाचा मंत्र चालत नाहीं.

म्हणून सूत्रधारांना आमचें सांगणें असें कीं, पहिल्या बैठकींत ‘चमूंत काय उणें आहे?’ हा प्रश्न विचारूंच नये. ‘तुला कोण व्हावयाचें आहे?’ असें शेवटीं येणाऱ्यालाहि विचारावें, आणि जें उत्तर येईल त्याला साजेशीं संकटें रचावीं. हें काम कठीण आहे खरें. पण तें सूत्रधाराचें आहे, उशिरा आलेल्या खेळाडूचें नव्हे.