यंत्रं वाढली की फाईल लवकर पोचते? हो, पण एका हद्दीपर्यंत

तालुक्याचं गाव सोडलं की रेंज दोन काड्यांवर येते. अशा ठिकाणच्या शाळेत २० टॅबवर एक जीबीचा व्हिडिओ धडा टाकायचा, तर प्रत्येक टॅब तो नेटवरून वेगळा उतरवणार. म्हणजे २० जीबी डेटा आणि अख्खा दिवस. त्यापेक्षा एकाने उतरवावा, बाकीच्यांनी एकमेकांकडून घ्यावा, हा मार्ग बिटटोरेंटने २००१ पासून रूढ केला. फोल्डर कायम सारखे ठेवण्यासाठी सिंकथिंग हे मोफत, खुलं सॉफ्टवेअर तोच मार्ग वापरतं.

पंगतीत वाढपी एकच असला की शेवटचा माणूस ताटकळतो. ज्याच्या पानात पडलं त्यानेच शेजाऱ्याला वाढलं तर? एकाचे दोन, दोनाचे चार. पाचव्या फेरीत वीसही उरकतात. सिंकथिंग फाईलचे तुकडे पाडतं आणि प्रत्येक यंत्र आधी वेगळा भाग मागतं, त्यामुळे तुकड्यांची देवाणघेवाण लगेच सुरू होते. यंत्रं वाढली की देणारे हातही वाढतात.

खरी गोम हिशेबाच्या वहीत आहे. प्रत्येकाने प्रत्येकाशी जोडायचं म्हटलं तर ५ यंत्रांत १० जोड्या होतात, २० यंत्रांत १९० आणि ५० यंत्रांत थेट १,२२५. शिवाय जोडलेल्या प्रत्येकाकडे काय आहे, याची यादी प्रत्येक यंत्र स्वतःजवळ ठेवतं. एक लाख फाईल आणि २० यंत्रं असली, तर प्रत्येकाच्या पोटात वीसेक लाख नोंदी. जुन्या टॅबची बॅटरी आणि मेमरी इथेच दमते. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या २.० आवृत्तीत या नोंदींसाठी आतला डेटाबेस बदलून एसक्यूलाईट घेतला गेला, पण जोड्यांचं गणित काही बदललं नाही.

सगळ्यांना सगळ्यांशी जोडायची सक्ती मात्र नाही. एक संगणक मध्ये ठेवला तर १९ जोडण्यांत भागतं. पण लाईट गेली, तो बंद पडला, की सगळं ठप्प! आपल्याकडचं भारनियमन बघता दोन संगणक मध्ये ठेवणं बरं; एक बंद असला तरी दुसऱ्यावरून काम चालतं.

वायफायचंही भान हवं. टॅबवरून टॅबवर जाणारा तुकडा आधी राउटरकडे, मग पुढे जातो, म्हणजे तीच हवा दोनदा वापरली जाते. २० टॅब एकदम सुटले तर वेग राउटर ठरवणार. मधले संगणक तरी केबलने जोडलेले बरे. यंत्रं वेगवेगळ्या गावांत असली आणि थेट जोडणी जमली नाही, तर माहिती मधल्या रिले सर्व्हरवरून जाते. ती कुलूपबंद असते, पण चाल बैलगाडीची.

आणखी एक, हा बॅकअप नव्हे. एका टॅबवर पोराने फाईल उडवली, की नेहमीच्या दुतर्फा सेटिंगमध्ये ती सगळीकडून उडते. टॅबना ‘फक्त घेणारे’ करून ठेवलं तर हे टळतं. मात्र सिंकथिंगचं अधिकृत अँड्रॉइड ॲप डिसेंबर २०२४ नंतर बंद झालंय. टॅबवर आता इतरांनी पुढे चालवलेली आवृत्तीच टाकावी लागते.