आधी दार मोजा, मग बंब घ्या



भेस्तानमध्ये राहणाऱ्याला बंबाचा आवाज नवा नाही. एकीकडे उधना, जवळच पांडेसरा, पुढे सचिन. जिकडे बघावं तिकडे लूम, डाइंगच्या मिला, सुताचे आणि साड्यांचे गठ्ठे. आमचे गुजराती शेजारी त्याला लायबंबो म्हणतात, खानदेशातून आलेले आपण बंब म्हणतो, नातवंडं फायर ब्रिगेड म्हणतात. नाव काहीही असो, आवाज ऐकला की सगळे गॅलरीत येतात आणि एकच विचारतात, "वेळेवर पोचेल ना?"

या प्रश्नाची एक बाजू कुणी फारशी बोलत नाही. आगीपर्यंत पोचायच्या आधी बंबाला स्वतःच्या घरातून बाहेर पडावं लागतं. आणि जुन्या शहरांत ते घरच त्याला लहान पडू लागलंय.

मी कॉमर्सचा माणूस, आयुष्य बँकेत गेलं. आग विझवण्यातलं मला कळतं असा माझा दावा नाही. पण यंत्र आणि जागा यांचा हिशेब मात्र पुष्कळ पाहिलाय. लूमसाठी कर्जाचा अर्ज आला की आम्ही कोटेशनवर खूश होत नव्हतो, आधी शेड बघायला जायचो. मशीन किती लांब-रुंद, छताची उंची किती, फरशी वजन पेलेल का, मशीन आत कुठून नेणार, चारी बाजूंनी कारागीर फिरू शकेल का, हे सगळं इन्स्पेक्शनच्या रिपोर्टात लिहावं लागे. शेडच नसेल तर मशीन कितीही चांगलं असो, ते गंजत पडणार आणि हप्ते थकणार.

गंमत म्हणजे हाच नियम एकदा वरच्या ऑफिसने स्वतःला लावला नाही. आमच्या एका शाखेसाठी नवी कोरी तिजोरी आली, वजनदार, पहिल्या दर्जाची. दार तिच्याहून चार बोटं लहान निघालं. भिंत फोडायची मंजुरी येईपर्यंत तिजोरी व्हरांड्यात ताडपत्रीखाली उभी, आणि रोकड जुन्याच तिजोरीत! लोक हसले, आम्हीही हसलो. तिजोरीचं हसण्यावारी गेलं. बंबाचं तसं जात नाही.

थोडा हिशेब करू या. आपल्याकडच्या एका नेहमीच्या मोठ्या बंबात ४,५०० लिटर पाणी असतं. म्हणजे साडेचार टन नुसतं पाणीच. त्यावर गाडी, पंप, शिड्या, नळ्या आणि माणसं. नुसती बॉडी आठ फुटांच्या आसपास रुंद, बाहेरचे आरसे धरले की त्याहून बरीच जास्त. ती ज्या शेडमध्ये उभी करायची, तिथे दोन्ही बाजूंची कपाटं उघडता आली पाहिजेत, कारण सामान त्यातच असतं. जवानांना पळत येऊन चढता आलं पाहिजे. डिझेलचा धूर बाहेर जायला वाट हवी. दारातून निघाल्यावर लगेच वळायला समोर मोकळा रस्ता हवा. शटरमधून गाडी कशीबशी सरकत निघते म्हणजे ती 'बसते' असं नव्हे.

ही अडचण सगळ्या जुन्या शहरांची आहे. फायर स्टेशनं बांधली गेली तेव्हा बंब घोडे ओढायचे. मुंबईचं फायर ब्रिगेड १८८७ पासूनचं. न्यूयॉर्कमध्ये तर शेवटचा घोड्यांचा बंब १९२२ च्या डिसेंबरात बंद झाला. आपल्यापैकी ज्यांची मुलं तिकडे आहेत त्यांनी पाहिलं असेल, दोन इमारतींच्या फटीत एकच लाल दार आणि त्यात गच्च बसलेली गाडी. घोडे गेले, मोटार आली, मग पाण्याची टाकी वाढली, मग शिडी वाढली. दार मात्र तेवढंच राहिलं. मुंबईने उंच इमारतींसाठी ९० मीटरपर्यंत जाणारी शिडीची गाडी घेतली, त्याची गरजच होती. पण अशी गाडी उभी राहायला, पाय पसरायला आणि वळायला लागणारी जागा काळबादेवीच्या गल्लीत कुठून आणणार? ९ मे २०१५ ला तिथल्या गोकुळ निवासच्या आगीने मुंबईच्या अग्निशमन दलाचे चार अधिकारी हिरावून नेले, त्यात प्रमुख सुनील नेसरीकरही होते. दाट वस्तीतली आग किती निर्दय असते, ते तेव्हा साऱ्यांनी पाहिलं.

आपल्या सुरतेला हे नव्याने सांगायला नको. एप्रिल १८३७ मध्ये मच्छलीपीठात लागलेल्या आगीत शहराचा मोठा भाग बेचिराख झाला होता. आणि २४ मे २०१९ आपण कुणीच विसरलेलो नाही. सरथाण्याच्या तक्षशिला आर्केडमध्ये क्लासला गेलेली मुलं. २२ जीव गेले. खिडकीतून उड्या मारणारी ती लेकरं साऱ्या देशाने टीव्हीवर पाहिली, आणि उंच शिडी वेळेवर का आली नाही हा प्रश्न घराघरांत विचारला गेला. त्यानंतर मोठ्या गाड्या घ्या, उंच शिड्या घ्या, अशी मागणी झाली ती योग्यच होती.

माझं म्हणणं त्याच्या पुढचं आहे. मोठी गाडी आली की हार घालून फोटो निघतो. शेडचा फोटो कोण काढणार? मग गाडी उघड्यावर, उन्हापावसात. रबराच्या नळ्या आणि सील ऊन खातात, आणि तिची देखभाल करणाऱ्या पोरांचे हाल होतात. नाहीतर दुसरा उपाय सुचवला जातो, तो मला जास्त धोक्याचा वाटतो. जुनं स्टेशन लहान पडतं ना, मग ते बंद करा, रिंग रोडच्या बाहेर ऐसपैस नवं बांधा. कागदावर हे फार छान दिसतं. शिवाय गावातल्या जुन्या जागेचा भाव काय आहे, हे बँकेत बसलेल्या माणसाला कुणी सांगायला नको. पण भागळ, गोपीपुरा, सग्रामपुऱ्यातल्या माणसाचं काय? त्याच्या गल्लीपासून बंब काही किलोमीटर लांब गेला, त्यात ट्रॅफिक आलं. आग पहिल्या काही मिनिटांतच आटोक्यात येते किंवा हाताबाहेर जाते.

म्हणून माझं साधं मत असं. गावातलं छोटं स्टेशन छोटंच राहू द्या, पण चालू राहू द्या. तिथे अरुंद गल्लीत शिरेल अशी लहान गाडी ठेवा, ती पहिली पोचेल. मोठे बंब आणि शिड्या भेस्तान, डुंभाल अशा बाहेरच्या भागात, रुंद रस्त्यावर, मोठ्या शेडमध्ये ठेवा, त्या मागून येतील. सॅन फ्रान्सिस्कोसारख्या श्रीमंत शहरानेही आपल्या गल्ल्यांत वळतील असे थोडे लहान बंब मुद्दाम बनवून घेतले. त्यात कमीपणा काही नाही.

कुणी म्हणेल, काका, लहान गाडीत पाणी किती मावणार? कमीच मावणार, मान्य. पण सुरुवातीच्या आगीवर पडलेलं थोडं पाणी हे नंतर ओतलेल्या टँकरभर पाण्यापेक्षा मोलाचं असतं. फेब्रुवारी २०२५ मध्ये रिंग रोडवरचं शिवशक्ती मार्केट पेटलं, तेव्हा एकदा वाढलेली आग किती बंब गिळते ते आपण पाहिलंच.

निवडणुकीत मतं मागायला येतात तेव्हा आपण गटार, पाणी, रस्ता विचारतो. यंदा आणखी तीन गोष्टी विचारा. नवी गाडी कुठे उभी राहणार? त्या दाराची आणि फरशीची मोजणी खरेदीच्या कागदाला जोडली आहे का? आणि त्या गाडीची वाट कुठल्या रस्त्यावर अडते? लूमच्या कर्जाला आम्ही एवढं तरी विचारायचोच.

१९४४ च्या मुंबई गोदीतल्या स्फोटात गेलेल्या ६६ जवानांच्या आठवणीत दर १४ एप्रिलला अग्निशमन दिन होतो. मानवंदना द्यावीच. पण आज ड्यूटीवर असलेल्या पोरांना घंटा वाजल्याबरोबर अडथळ्याशिवाय बाहेर पडता येईल असं दार देणं, हे आपल्याच पैशातून, आपल्याच हयातीत करण्यासारखं काम आहे.

तुमच्या भागातलं फायर स्टेशन कसं आहे, जरा जाऊन बघा आणि सांगा.