पुढच्या हंगामाला बोलावणे नाही

तीर्थपुरीला समर्थ सहकारी साखर कारखान्याचे दुसरे युनिट आहे. भोवतालचा घनसावंगी, अंबड, परतूर हा पट्टा जायकवाडीच्या पाण्यावर आणि उसावर चालतो. याच पट्ट्यात, परतूर तालुक्यातील एका साखर कारखान्यात, नोव्हेंबर 2024 मध्ये गंधकाच्या भट्टीचा स्फोट होऊन दोन कामगार दगावले. डिसेंबर 2017 मध्ये परळीच्या वैद्यनाथ कारखान्यात उकळत्या रसाची टाकी फुटली होती. अशा अपघातानंतर आपण इंजिनिअर आणि केमिस्ट मंडळी तांत्रिक कारणे खणून काढतो. बिघाड आधी कुणाला दिसला होता का आणि तो माणूस बोलला का, हे चौकशीत क्वचितच येते.

दिसलेले असते. सल्फर बर्नरच्या जॅकेटमधून पाणी झिरपू लागले, तर पाळीवरच्या माणसाला ते सगळ्यात आधी कळते. वितळलेल्या गंधकात पाणी उतरले की क्षणात वाफ होते, हे त्याला पुस्तकातून शिकावे लागत नाही. तो फोरमनला सांगतो. फोरमन म्हणतो, "गाळप थांबवायचं का? शटडाऊनला बघू." गव्हाणीबाहेर ट्रॅक्टर उभे आहेत, रिकव्हरीचा आकडा रोज वर जातो आहे. दुसऱ्यांदा सांगणारा मग कटकट्या ठरतो.

कायदा त्याच्या बाजूने बोलतो, पण अर्धवट. भोपाळनंतर, 1987 मध्ये, कारखाने अधिनियमात कलम 41-एच आले. धोका जवळ आल्याचे दिसले तर व्यवस्थापनाला आणि त्याच वेळी निरीक्षकाला कळवण्याचा हक्क त्याने दिला, मात्र धोकादायक प्रक्रियांपुरता. अशा प्रक्रियांच्या यादीत आसवनी होती, साखर कारखाना नावाने नव्हता. म्हणजे एकाच आवारात भिंतीपलीकडच्या कामगाराला हक्क, अलीकडच्याला नाही! 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेच्या कलम 14 ने ही भिंत पाडली. व्यवस्थापनाला तक्रार पटली नाही, तर त्याने ती निरीक्षकाकडे पाठवायची आणि तो देईल तो निर्णय अंतिम. पण निरीक्षक येईपर्यंत कामगाराने तिथेच राबायचे का, आणि कळवले म्हणून कुणी त्याच्यावर डूख धरला तर काय, यावर ते कलम गप्प आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या 1981 च्या 155 क्रमांकाच्या कराराने मात्र धोक्यापासून बाजूला झालेल्या कामगाराला संरक्षण द्यावे, असे स्पष्ट म्हटले आहे.

आपल्या धंद्यात डूख धरायला बडतर्फीची ऑर्डर लागतच नाही. हंगामी कामगाराला पुढच्या गाळपाला निरोप जात नाही, एवढेच. कागद नाही, कारण नाही, म्हणून दाद नाही. 1971 च्या महाराष्ट्राच्या कायद्यात आकसाने कामावरून काढणे ही अनुचित प्रथा ठरली खरी. पण नोकरीचे नातेच वादात असेल तर त्या कायद्याखाली तक्रार चालत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2001 च्या सिप्ला प्रकरणात सांगितले. ठेकेदाराचा माणूस तिथेच अडकतो, आणि मळीच्या टाकीत उतरायला बहुतेक वेळा तोच असतो.

पंजाबातील मोरिंडा साखर कारखान्याच्या 1995 च्या निकालाकडे आपल्या लेबर ऑफिसरांनी पुन्हा पाहावे. हंगाम संपणे ही कामगार कपात नव्हे, हे कारखान्यांच्या सोयीचे वाक्य सगळ्यांना पाठ आहे. त्याच निकालात हंगामी कामगारांची नोंदवही ठेवा, नवा हंगाम सुरू होताना जाहीर सूचना द्या आणि ज्येष्ठतेनुसार बोलवा, असेही कारखान्याला बजावले होते. ते कुणाच्या फारसे लक्षात नाही.

यात आपल्या हातात बरेच आहे आणि त्यासाठी संचालक मंडळाचा ठराव लागत नाही. धोक्याची तक्रार पाळीच्या लॉगबुकात वेळेसह लिहावी आणि चीफ इंजिनिअरने त्याखाली सही करून काय केले ते नोंदवावे. टाकीत उतरण्याचा परवाना ठेकेदाराच्या माणसालाही वाचून दाखवावा. 'नाही उतरत' म्हणण्याची मुभा त्यावरच छापलेली असावी. आणि बॉयलर पेटण्याआधी हंगामी कामगारांची यादी फलकावर लागेल, तेव्हा मागच्या हंगामातील जे नाव गळले असेल त्यापुढे कारण लिहून लेबर ऑफिसरने सही करावी.