माशाची वेदना आणि पुराव्याचा भार

माशाला वेदना होते काय, हा प्रश्न शतकानुशतके गळ टाकणाऱ्याच्या सोयीने सोडविला गेला. मासा किंचाळत नाही, त्याच्या मुद्रेवर क्लेशाचे चिन्ह उमटत नाही, तेव्हा फिर्यादच दाखल नाही, आणि फिर्याद नाही म्हणून गुन्हाही नाही, असा तो मोठा सोयीस्कर हिशेब होता.

हा हिशेब २००३ साली बिघडला. लिन स्नेडन, व्हिक्टोरिया ब्रेथवेट व मायकेल जेंटल या संशोधकांनी भूल दिलेल्या रेनबो ट्राउट माशाच्या डोक्याकडील मज्जातंतूंतून उमटणारे विद्युत्‌संकेत टिपले असता, तपासलेल्या ५८ संवेदनाग्राहकांपैकी २२ ग्राहक केवळ इजा करणाऱ्या उत्तेजनाला प्रतिसाद देणारे, म्हणजे वेदनाग्राहक ठरले. ओठांत सौम्य ॲसेटिक ॲसिड टोचलेले मासे तळाच्या खड्यांवर ओठ घासू लागले, अंग डोलवू लागले आणि बराच वेळ अन्नाला शिवले नाहीत.

ही केवळ प्रतिक्षिप्त क्रिया आहे, असा आक्षेप येथे घेता आला असता. परंतु मला याहून बोलका वाटतो तो त्याच संशोधकांचा दुसरा प्रयोग. ट्राउट हा मासा अपरिचित वस्तू पाहताच दूर सरतो. ॲसिड टोचलेल्या माशांनी मात्र ही स्वाभाविक सावधगिरी जवळजवळ सोडून दिली, आणि मॉर्फिन देताच ती त्यांच्यात परतली. ज्या पीडेने प्राण्याचे लक्षच हिरावून घेतले व जी वेदनाशामकाने ओसरली, तिला निव्वळ स्नायूंची हालचाल म्हणणे मला धाडसाचे वाटते. (वेदनेची शहानिशा करण्यासाठी वेदनाच द्यावी लागते, हा या शास्त्रावरील कलंक मात्र लपविण्यात अर्थ नाही.)

जेम्स रोझ आणि ब्रायन की यांच्यासारखे विद्वान म्हणतात की माशाला आपल्यासारखे मस्तिष्कबाह्यक (मेंदूचा बाहेरील थर) नाही, म्हणून वेदनेची जाणीवही नाही. परंतु सस्तन प्राण्यांच्या मेंदूतील स्तरबद्ध बाह्यक पक्ष्यांनाही नाही. तरी कोंबडीला दुखत नाही असे म्हणण्यास आज कोणी सहजी धजावणार नाही. आक्षेप अगदीच टाकाऊ आहे असे नव्हे, पण पुराव्याचा भार आता नाकारणाऱ्यावर आला आहे.

आपल्या १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्यात ‘प्राणी’ या संज्ञेत मनुष्येतर प्रत्येक सजीव येतो, म्हणजे मासाही येतो. अन्नासाठी मारण्याची मुभा असली तरी अनावश्यक यातनांची मुभा त्याने दिलेली नाही. नॉर्वे व स्कॉटलंडमधील सामन मत्स्यशेतीत मासा मारण्यापूर्वी त्याला विजेने वा डोक्यावरील आघाताने बेशुद्ध करण्याची रीत रुळली आहे. आपल्या मत्स्यशेतीतही तिचा अवलंब व्हावा, आणि मत्स्यखात्याने त्यासाठी नियम करण्यास आणखी प्रयोगांची वाट पाहू नये.